दुसरी वेलांटी

माझी बायको मुद्रितशोधक आहे. तीसेक वर्षं ती लोकांच्या पुस्तकांतले ऱ्हस्व-दीर्घ तपासते आहे, आणि आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तेव्हापासून माझेही. घरात कुठे मी चार शब्द लिहून ठेवले, की संध्याकाळपर्यंत त्यांवर पेन्सिलीची खूण पडलेली असते. ‘ठीक’ हा शब्द मी शाळेपासून ‘ठिक’ असा लिहीत आलो. “दुसरी वेलांटी रे, दुसरी,” हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता तो तिच्या आवाजाचाच एक भाग वाटतो.

हे आधी सांगतोय, कारण पुढे जे झालं त्यात या वेलांटीचा हात आहे.

तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, दंडावर आणि मांडीवर काळेनिळे डाग उठले, आणि रक्त तपासलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती दाखल झाली. ॲक्युट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कर्करोग. या आजारात विचार करायला उसंत मिळत नाही. उपचाराचं नाव ऐकून मला शाळेतल्या पाढ्यांची आठवण झाली: सात अधिक तीन. सायटॅराबिन सात दिवस, रात्रंदिवस, पंपातून थेंबाथेंबाने. पहिले तीन दिवस त्याच्या जोडीला डॉनोरुबिसिन. ही जोडी १९७३ सालापासून वापरात आहे. डॉक्टर म्हणाले, मुक्काम चार-पाच आठवड्यांचा धरा. औषधं आठवड्यात संपतील, अवघड दिवस त्यानंतरचे.

डॉनोरुबिसिन लाल असतं, सरबतासारखं गडद लाल. नळीतून ते उतरायला लागलं तेव्हा तिने सिस्टरना विचारलं, “हा शब्द आला कुठून?” सिस्टरना माहीत नव्हतं. त्या रात्री मी शोधून काढलं. इटलीच्या दक्षिणेत कास्तेल देल मोंते नावाचा जुना किल्ला आहे. त्याच्या आसपासच्या मातीत सापडलेला एक जिवाणू लाल द्रव्य तयार करत होता, त्यातून हे औषध निघालं. त्या भागात रोमनांच्या आधी डॉनी नावाचे लोक राहत. त्यांचं नाव आणि माणकासाठीचा फ्रेंच शब्द एकत्र करून औषधाचं नाव ठेवलं. आणि सायटॅराबिनचं मूळ कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात. १९५० च्या सुमारास वेर्नर बेर्गमान या रसायनशास्त्रज्ञाला त्या स्पंजात काही अनोखी संयुगं मिळाली, आणि त्यांच्या धर्तीवर पुढे हे औषध प्रयोगशाळेत बनवलं गेलं.

सकाळी मी तिला हे सगळं सांगितलं. “दोन शब्दांची संधी केली,” असं म्हणालो. ती पंपाकडे बघत होती. “म्हणजे एक मातीतलं, एक समुद्रातलं,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, डोळे मिटूनच, “संधी नव्हे. समास.”

मी एक वही ठेवली होती. ताप, नाडी, किती पाणी प्यायली, किती लघवी झाली, कुठली गोळी कधी, आज काउंट किती. सुरुवातीला त्या वहीत गरजेपेक्षा भीतीच जास्त होती. हाताला काहीतरी काम हवं होतं. पहिल्या पानावर मी लिहिलं होतं, ‘झोप ठिक’. तिने वही मागितली, पेन्सिल मागितली, वेलांटी बदलली. पाचव्या दिवशी उलट्यांनी ती इतकी थकली होती, की उशीवरून मान उचलत नव्हती. संध्याकाळी मी लिहीत बसलो तसा तिने हात पुढे केला. पान वाचता वाचता तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीतरी परत आलं. कपाळावरची ती बारीक आठी, जी फक्त चूक दिसली की पडते. त्या दिवसापासून मी रोज एक चूक मुद्दाम करायला लागलो. आरामखुर्चीत बसून विचार करायचो, आज कुठला शब्द मोडावा. तिला हे कळलं होतं का, मला सांगता येणार नाही. तिने विचारलं नाही, मीही बोललो नाही.

आठव्या-नवव्या दिवशी तोंड आलं. आपण ‘तोंड येणं’ हा शब्द सहज वापरतो. इथे ओठांपासून घशापर्यंतचं अस्तर सोलून निघालं होतं. केमो वेगाने वाढणाऱ्या पेशींना मारतं, आणि तोंडाच्या, आतड्याच्या अस्तरातल्या पेशीही वेगाने वाढणाऱ्याच. स्वतःची लाळ गिळताना ती गादीची कड मुठीत धरायची. मॉर्फिन सुरू झालं. बोलणं थांबलं, खुणा सुरू झाल्या. पेन्सिल मात्र चालू होती.

याच सुमारास पांढऱ्या पेशी तळाला गेल्या. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर पहिल्यांदा धावून जाणाऱ्या पेशी, निरोगी माणसात रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड हजाराच्या वर असतात. पाचशेच्या खाली धोका. तिच्या शंभरही नव्हत्या. दारावर पाटी लागली. आत येणाऱ्याने हात धुवायचे, मास्क लावायचा, फुलं आणायची नाहीत. मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती: १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, हा आकडा दिसला की त्या क्षणी बेल दाबायची. विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल द्यायचं नाही, त्याने ताप लपतो. कारण या दिवसांत संसर्गाच्या इतर खुणा दिसतच नाहीत. पू होत नाही, सूज येत नाही, लाली येत नाही. त्या खुणा ज्या पेशींमुळे उमटतात त्या पेशीच नसतात. अनेकदा एकटा ताप तेवढा बोलतो, आणि तो बोलला की तासाभराच्या आत अँटिबायोटिक नसेत जायला हवं. मी थर्मामीटरवर देवासारखा विश्वास टाकला होता.

तेराव्या दिवशी संध्याकाळी मी लिहिलं: ‘ताप नाहि. पाणी दिड ग्लास. झोप ठिक.’ तीन चुका, कारण दिवसभर ती जरा हरवल्यासारखी वाटत होती आणि मला तिला जास्त खाऊ द्यावा तसं काहीतरी द्यायचं होतं. तिने वही घेतली. पानावरून नजर फिरवली. बोलायला त्रास होत असूनही पुटपुटली, “छान.” आणि वही परत दिली.

अठ्ठावीस वर्षांत माझ्या लिखाणाला तिने ‘छान’ म्हटलं नव्हतं.

मी बेल दाबली. सिस्टर आल्या. ताप ९९.६. नाडी थोडी जास्त. रक्तदाब बरा. त्यांनी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, मॉर्फिनमुळे गुंगी असेल, दमल्या असतील, झोपू द्या. हे उत्तर चुकीचं म्हणता येणार नाही. आकडे तेच सांगत होते. मी पाच मिनिटं बसलो आणि उठून टेबलापाशी गेलो. मला वैद्यकीय शब्द सुचेनात. मी म्हणालो, “सिस्टर, ताप नाही हे मला दिसतंय. पण ती ही अशी नाही. तिने तीन चुका सोडल्या.” वाक्य उच्चारतानाच मला कळत होतं की ऐकणाऱ्याला त्याचा काही अर्थ लागणार नाही. त्या सिस्टर वयाने मोठ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं, आणि अर्थ विचारत न बसता माझ्यामागून खोलीत आल्या. पलंगाशी वाकून म्हणाल्या, “डिसेंबरपासून उलटे महिने म्हणा बघू.” ती म्हणाली, “डिसेंबर, नोव्हेंबर...” थांबली. मग “डिसेंबर” म्हणाली, आणि पुढे “जानेवारी”. सिस्टरनी पुन्हा फोन लावला. या वेळी त्यांचा आवाज वेगळा होता.

डॉक्टर खोलीत असतानाच हुडहुडी भरली. पलंग वाजत होता. १०२. औषधाच्या नळीतून आणि दंडातून, दोन्हीकडून कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढतात का ते बघण्यासाठी, रक्त घेतलं गेलं आणि लगेच अँटिबायोटिक सुरू झालं. पुढच्या तासात रक्तदाब पडला. पहाटे तिला अतिदक्षता विभागात नेलं. त्या आधीच्या अर्ध्या-पाऊण तासाने नेमका काय फरक पडला, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं ते वेगळंच. आदल्या दिवशी दारातून डोकावून गेलेला एक नातलग शिंकला होता. माझे हात, माझे बूट, मी बाहेरून आणलेली वही. माझ्यामुळे झालं का? डॉक्टर म्हणाले, या दिवसांतले जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातले असतात. अस्तर सोललेलं असतं, त्यातून ते रक्तात शिरतात. पुढे कल्चरमध्ये आतड्यातलाच जंतू निघाला. माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं, आणि ते उतरल्याची लाजही वाटली, कारण ती तर तिथेच होती.

आता अतिदक्षता विभागातल्या त्या तीन रात्रींबद्दल.

जुनी माणसं म्हणायची, ‘तापात वात झाला’. डॉक्टर डिलिरियम म्हणतात. संसर्ग, मॉर्फिन, जागरण, अनोळखी खोली, यातलं एकेक पुरेसं असतं. तिच्या वाट्याला सगळं एकदम आलं होतं. त्याचा एक प्रकार आरडाओरड्याचा असतो, तो सगळ्यांना दिसतो. दुसरा गप्प असतो. माणूस शांत पडून असतो, मान हलवतो, ‘छान’ म्हणतो; बघणाऱ्याला तो थकवा वाटतो, म्हणून हा प्रकार हुकतो. तिचा गप्प प्रकार त्या रात्री बोलका झाला. समोरच्या पडद्यावर तिला ओळी दिसत होत्या. अक्षरं हलत होती. ती बोटांच्या चिमटीत नसलेली पेन्सिल धरून हवेत खुणा करत होती आणि रडत होती, कारण ओळी थांबत नव्हत्या. मी म्हणालो, “अगं, तिथे काही नाही. नुसता पडदा आहे.” तिने माझ्याकडे बघितलं, आणि मग सिस्टरना म्हणाली, “यांना बाहेर काढा. यांनी माझी पानं बदलली.”

ती मला ‘अरे’ म्हणते. ‘यांना’ हा शब्द मला त्या सगळ्या महिन्यात सर्वात जास्त लागला.

मी वाद घातला. हे सांगायला हवं. “मी आहे, मी, नीट बघ,” असं मी मोठ्याने म्हणालो, दोनदा, आणि ती घाबरून पलंगाच्या दुसऱ्या कडेला सरकली. बाहेर जिन्यात जाऊन बसलो. परत आलो तेव्हा तिथल्या सिस्टर तिच्याशी बोलत होत्या, आणि पडद्यावरची अक्षरं आहेत की नाहीत याबद्दल त्या एक शब्द बोलत नव्हत्या. “फार काम झालं ना आज? रात्र झाली आता. तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात, ताप आहे, मी इथेच आहे.” एवढंच, पुन्हा पुन्हा, एका सुरात. मी ते ऐकून शिकलो. दुसऱ्या रात्री मी विचारलं, “किती पानं राहिली?” ती म्हणाली, “पुष्कळ.” मी म्हणालो, “मी इथे बसतो तोवर.” ती “हं” म्हणाली. त्या “हं”वर मी सकाळपर्यंत तग धरला.

आणि चष्मा. हे आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो. तिथे दाखल करताना कुणीतरी तिचा चष्मा काढून सामानाच्या पिशवीत ठेवला होता, आणि तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथेच राहिला. उणे सात नंबर. चष्म्याशिवाय तिला समोरचा चेहरा डागासारखा दिसतो. पडदा हलत होता, दिवे पसरत होते, मास्कमागची माणसं येत-जात होती, आणि ती अक्षरं शोधत होती. मी नवरा, मला तिचा नंबर माहीत, आणि माझ्या लक्षात आलं नाही. चष्मा लावल्यावर भ्रम काही लगेच गेला नाही. पण तिने भिंतीवरचं घड्याळ वाचलं. “सव्वातीन,” ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, “दुपारचे?” तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की चष्मा, कानाचं यंत्र, घड्याळ, दिवसा उजेड आणि रात्री अंधार, ओळखीचा आवाज, हे सगळं डिलिरियमच्या उपचाराचाच भाग आहे. मी तोवर समजत होतो की औषधं देणारे ते, मी फक्त सोबतीला.

त्या महिन्यात जवळपास प्रत्येक फोनवर मला एकच सल्ला मिळाला: खंबीर राहा. सल्ला देणाऱ्यांची माया खरी होती. पण तो ऐकून मी काय करायचो, तर खोलीत शिरण्याआधी चेहरा घट्ट करायचो, आणि घट्ट केलेल्या चेहऱ्यामागे माझं सगळं लक्ष त्या चेहऱ्यावरच असायचं. तिच्यावर नाही. मला वाटतं, पलंगाशेजारच्या माणसाकडून खंबीरपणापेक्षा कितीतरी साधी गोष्ट हवी असते. हा माणूस एरवी कसा असतो, हे त्या इमारतीत फक्त आपल्यालाच माहीत असतं. डॉक्टरांना रक्त माहीत आहे, सिस्टरना नस माहीत आहे. ती चूक दिसली की कपाळाला आठी घालते, हे त्यांना कुठून कळणार? ते त्यांना सांगायचं असतं, शब्द सापडत नसले तरी, दोनदा उठून जावं लागलं तरी. आणि त्यासाठी तिच्याकडे बघत राहावं लागतं, रडत बघितलं तरी चालतं.

प्लेटलेट्स दहा हजारांच्या खाली गेल्या की पिशवी चढवायची. कावीळ झालेल्या उन्हासारखा त्या पिशवीचा रंग. प्लेटलेट्स खोलीच्या तापमानाला, सतत हलत्या ठेवतात आणि त्या जेमतेम पाच दिवस टिकतात. म्हणजे गेल्या पाच दिवसांत कधीतरी, आपल्याला कधीच न भेटलेलं कुणीतरी, खुर्चीत हात लांब करून बसलं होतं. अशा सात पिशव्या झाल्या. वहीत मी प्रत्येक पिशवीची वेळ लिहिली आहे, आणि समोर जागा मोकळी सोडली आहे. तिथे काय लिहायचं होतं ते मला अजून सुचलेलं नाही.

चौथ्या दिवशी ती अतिदक्षता विभागातून खोलीत परतली. बाविसाव्या दिवशी न्यूट्रोफिलचा काउंट ऐंशी, मग एकशे साठ, मग चारशे. तोंड भरून आलं. अठ्ठाविसाव्या दिवशी हाडातली मज्जा तपासली. आजारी पेशी पाच टक्क्यांच्या खाली होत्या, म्हणजे रेमिशन, आजार मागे हटला होता. मी तो शब्द वहीत तीन वेळा लिहिला. घरी जाताना तिने वही मागून घेतली आणि गाडीत वाचत बसली. तेराव्या दिवसाच्या पानावर थांबली. त्यापुढची तीन पानं माझ्या अक्षरात वेडीवाकडी भरली होती, ओळ सोडून, काना-मात्रा गाळून. ती पानं मी कुणाला दाखवण्यासाठी लिहिली नव्हती. तिने ती वाचली. पेन्सिल हातात होती, पण टेकवली नाही.

“मी तुला ‘यांना’ म्हणाले?” तिने विचारलं.

“हो.”

ती खिडकीबाहेर बघत राहिली. पुढच्या सिग्नलपर्यंत तिचा हात माझ्या मनगटावर होता.

रेमिशन म्हणजे संपलं असं नसतं. न दिसणाऱ्या पेशींसाठी पुढची आवर्तनं लागतात. महिन्याभराने आम्ही पुन्हा दाखल झालो. या वेळी एकटं सायटॅराबिन, पण मोठ्या मात्रेत, एक दिवसाआड, दर बारा तासांनी. डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून स्टिरॉइडचे थेंब. या मात्रेत ते औषध कधीकधी छोट्या मेंदूला इजा करतं, तोल जातो, बोलणं अडखळतं, अक्षर बिघडतं. म्हणून प्रत्येक डोसआधी सिस्टर नाकाला बोट लावायला सांगतात, सरळ रेषेत चालायला लावतात, आणि कागद पुढे करतात: सही करा, एखादी ओळ लिहा. कालचं अक्षर आणि आजचं अक्षर शेजारी ठेवून बघतात. बिघडलं असेल तर डोस थांबतो.

पहिल्या दोन डोसांना तिने नुसती सही केली. मोत्यासारखं अक्षर. तिसऱ्या डोसाला सिस्टर म्हणाल्या, आज एक वाक्यही लिहा, काहीही. तिने चष्मा वर सरकवला, थोडा विचार केला, लिहिलं. सिस्टरनी अक्षर बघितलं, मान डोलावली, पंप लावायला वळल्या. कागद तिने माझ्याकडे दिला.

अक्षर सरळ होतं. शिरोरेघ कुठे हलली नव्हती. लिहिलं होतं: ‘मी ठिक आहे.’

माझे हात गार पडले. बेलकडे बघितलं. मग तिच्याकडे. ती माझ्याकडेच बघत होती, कपाळाला आठी नव्हती, आणि दोन बोटांत तिने पेन्सिल धरली होती, टोक स्वतःकडे, मागची बाजू माझ्याकडे.

मी ती घेतली आणि वेलांटी दुसरी केली.